शालनचं पान आणि डेझीचं वजन

डॉक्टरीण बाईंनी रिपोर्टचा कागद बाजूला ठेवला आणि सरळ सांगितलं, "तुमच्या अंगातली घंटा बंद पडलीय. याला हायपो अनअवेअरनेस म्हणतात."

मला वाटलं, आता हे आणखी काय नवीन. डायबेटिस तर बारा वर्षं जुना. त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. शुगर वाढते तशी पडतेसुद्धा. इन्सुलिन टोचलं आणि वेळेवर खाल्लं नाही की पडते. आकडा इथल्या मापानं चारच्या खाली, म्हणजे भारतातल्या मापानं बहात्तरच्या खाली गेला की हायपो. बाकीच्यांना घाम सुटतो, हात थरथरतात, पोटात खड्डा पडतो. म्हणजे अंगच ओरडून सांगतं. माझं अंग सांगायचं थांबलंय. मला बरं वाटत असतानाच मी कोसळणार.

आदल्याच आठवड्यात इथं लंडनमध्ये इल्फर्डला बसस्टॉपवर पडलो होतो. लोक म्हणाले, म्हातारा सकाळी सकाळी प्यालाय. मी जन्मात थेंब घेतलेला नाही.

"आधी कधी असं झालं नव्हतं?" बाईंनी विचारलं.

"आधी बायको होती," मी म्हणालो.

मी चौथी शिकलोय. पावाच्या कारखान्यात एकतीस वर्षं भट्टीसमोर काढली. लिहायचं काम माझं नव्हे. पण माझी मुलगी वंदना म्हणाली, लिहा बाबा, तुमच्यासारखे हट्टी म्हातारे खूप आहेत, एखादा वाचेल. म्हणून बसलोय.

शालन माझी बायको. शुगर मला होती, आजार तिनं सांभाळला. बोट टोचायची ती, वहीत आकडा लिहायची ती, इन्सुलिन द्यायची ती. माझा भात ती एका पितळी वाटीनं मोजायची. वाटी सपाट, वर शीग नाही. मी कुरकुरायचो, "कैद्यालासुद्धा दोन वाट्या देत असतील."

ती म्हणायची, "कैद्याला सोडायचं असतं. मला तुम्हाला ठेवायचंय."

जेवताना तिचं लक्ष माझ्या तोंडाकडे. जरा काही वेगळं वाटलं की भरल्या पानावरून उठायची, हात धुवायची, माझं बोट धरायची. "अहो, बघू." आणि आकडा कमीच असायचा. तिला कसं कळायचं ते मी कधी विचारलं नाही. वाटायचं, बायकांना कळतं.

ती स्ट्रोकनं गेली. तीन दिवस वॉर्डात बेशुद्ध होती. नर्सनं मला विचारलं, तुमचं इन्सुलिन कोण देतं? मी खाटेकडे बोट दाखवलं.

दहाव्याला मागच्या गार्डनमध्ये पिंड ठेवला. समोरच्या छपरावर दोन कावळे बसले होते. दीड तास बसले, खाली काही उतरले नाहीत. भटजींना पुढे दुसरं काम होतं. त्यांनी दर्भाचा कावळा करून शिववला. वंदना म्हणाली, "बाबा, इथल्या कावळ्यांना हे माहीतच नसते. तुम्ही मनाला नका लावू." ती इथं जन्मली, तिचं बरोबर आहे. पण माझ्या मनातून गेलं नाही. शालनचा जीव कशात तरी अडकलाय. माझ्यातच, दुसरं कशात असणार.

नंतरचं दीड वर्ष फार वाईट गेलं. इन्सुलिनची सुई कितीवर लावायची ते मला नर्सनं तीनदा शिकवलं. पडायची भीती बसली म्हणून मी दिवसभर खात राहिलो. खिशात बिस्किटं, उशाशी बिस्किटं. ब्याऐंशी किलोचा मी सत्त्याण्णवला गेलो. वजन वाढलं की इन्सुलिन जास्त लागतं, इन्सुलिन वाढलं की पडायची भीती जास्त, भीती वाटली की परत खा. डायटिशियन मुलीनं मला ताटाचं चित्र दिलं, अर्धं ताट भाजी. चित्र मी फ्रीजला लावलं आणि फ्रीज उघडून चीज खाल्लं.

मग त्या डॉक्टरीण बाईंनीच कुत्र्याचं काढलं. एक संस्था कुत्री शिकवते, शुगर पडायला लागली की त्यांना वासानं कळतं. तेव्हा हे नवीनच होतं. मी म्हणालो, घरात कुत्रं? शालननं उंबरठा ओलांडू दिला नसता. वंदनानं कार्डिफहून माझं न ऐकता फॉर्म भरून टाकले.

अशी डेझी आली. पिवळसर लॅब्रेडॉर कुत्री, तीन वर्षांची, सत्तावीस किलो. बरोबर तिला शिकवणारी जेन. जेननं सगळं दाखवलं. शुगर पडली की डेझी पुढचा पाय माझ्या गुडघ्यावर ठेवणार, मी बोट टोचेपर्यंत ठेवत राहणार. आकडा कमी निघाला की तिला तिच्या कोरड्या खाण्यातले चार दाणे बक्षीस.

"एवढंच, मिस्टर सावंत. तुमच्या ताटातलं काही नाही. कधीच नाही." हे ती तीनदा म्हणाली. मी तीनदा मान हलवली.

पहिले चार महिने मी एकदाही पडलो नाही. पाय गुडघ्यावर आला की मशीनवर साडेतीन, तीन पॉइंट दोन. मी तिला म्हणायचो, तू मागच्या जन्मी नर्स असणार.

मग शालनचं दुसरं श्राद्ध आलं. मी तिच्या आवडीचं केलं. वरणभात, वर तूप, पोळी, गुळाचा खडा. पान वाढून गार्डनमधल्या दगडावर ठेवलं आणि छपराकडे बघत उभा राहिलो. कावळा आला नाही. माझ्या मागून डेझी गेली, सगळं खाल्लं, दगडसुद्धा चाटला आणि वर मान करून माझ्याकडे बघितलं.

मला रडू फुटलं. शेजारची गुरमीत कुंपणावरून म्हणाली, "भाईसाब, सब ठीक?"

मी म्हणालो, "शालन जेवली."

तुम्ही हसाल. हसा. ज्याच्या माणसाच्या पिंडाला कावळा शिवला नाही त्यालाच कळेल.

दुसऱ्या दिवशी मी परत पान वाढलं. मग रोजच. आधी शालनचं पान, ते डेझीनं संपवलं की मग माझं. जेनची आठवण यायची, पण बायकोला उपाशी कसं ठेवू? डेझी फुगत गेली. रोज दुपारी गॅसवर भांडं चढलं की तिचा पाय माझ्या गुडघ्यावर. मी म्हणायचो, "कळलं गं, भूक लागली." बोट टोचणं सोडलं. वहीत मनाचे आकडे लिहायला लागलो, पाच पॉइंट आठ, सहा पॉइंट एक. जेन फोन करायची तेव्हा तेच वाचून दाखवायचो. भेटायला येते म्हणाली की मला सर्दी व्हायची.

वंदना आली तेव्हा दारातच थबकली. "बाबा! डेझी किती जाडा झालाय! काय देता त्याला?"

"ती कुत्री आहे, जाडा काय म्हणतेस."

"मला तर ती सोफा वाटली."

मी विषय बदलला.

तो सोमवार होता. सकाळी इन्सुलिन घेतलेलं, दुपार टळत आलेली, शालनच्या पानासाठी बटाट्याची भाजी शिजत होती. डेझीनं पाय ठेवला. मी म्हणालो, थांब. तिनं परत ठेवला. मी शिजत होती त्यातलीच थोडी भाजी कच्ची काढली, पोळी, गूळ, सगळं वाढून तिच्यापुढे ठेवलं.

तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. परत माझ्या गुडघ्यावर पाय. आता नखांनी, पँट ओढत.

मला राग आला. हायपोमध्ये माणूस चिडतो हे मला माहीत होतं, पण ते माहीत असून उपयोग नसतो. मी ओरडलो, "शालन, आता काय कमी पडलं?" आणि डेझीला ढकलत गार्डनमध्ये काढून दार लावून घेतलं.

पुढचं मला आठवत नाही, गुरमीतनं सांगितलं. डेझी दारावर पाय आपटत भुंकत होती, थांबेचना. गुरमीतकडे आमची चावी असते. ती आत आली तर गॅस चालू, भाजी जळलेली आणि मी फरशीवर. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी बोट टोचलं तेव्हा आकडा एक पॉइंट सहा.

चार दिवस वॉर्डात होतो. मनगट मोडलं होतं. डॉक्टरीण बाई येऊन म्हणाल्या, "आणखी थोडा उशीर झाला असता तर मेंदूला..." आणि थांबल्या. मी म्हणालो, बोला. त्या म्हणाल्या, "आधी मला सांगा, वहीतले आकडे खरे आहेत का?" मी भिंतीकडे तोंड केलं.

घरी आलो त्याच दिवशी जेन आली. वजनकाटा घेऊनच. डेझी त्याच्यावर उभी राहिली. छत्तीस किलो. जेन रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली आणि डेझीच्या पायांचे सांधे दाबून बघत राहिली. मग म्हणाली, "मिस्टर सावंत, मला हिला परत न्यावं लागेल. तिचे सांधे खराब होतील. आणि पाय ठेवला की खाणं मिळतं हे ती शिकली, तर तिच्या पायाला काही अर्थच राहणार नाही."

मी सगळं सांगितलं. कावळा, दगड, पान, सगळं. माझ्या मोडक्या इंग्रजीत बायकोच्या पिंडाचं काय कळणार, वाटलं. शेवटी जेननं विचारलं, "त्या सोमवारी ताट तिच्यासमोर होतं? आणि तिनं खाल्लं नाही?"

"नाही."

"ही लॅब्रेडॉर आहे. लॅब्रेडॉर भरलं ताट सोडत नाही. हिनं तुमच्यासाठी सोडलं."

भरल्या पानावरून उठणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली होती. आणि तिला मी दाराबाहेर काढलं होतं.

तरीही डेझी गेली. जेननं वचन काही दिलं नाही. तिचं वजन उतरलं आणि माझ्या मशीनमधले आकडे वहीशी जुळले, तर बघू, म्हणाली. मशीन सगळं लक्षात ठेवतं हे मला तेव्हा कळलं. व्हॅनच्या मागच्या काचेतून डेझी माझ्याकडे बघत होती. माझ्या एका हाताला प्लॅस्टर, दुसरा हात दाराच्या कडीवर. मी काही करू शकत नव्हतो.

अकरा आठवडे. घड्याळाचा गजर लावून दर दोन तासांनी बोट टोचायचं, सुरुवातीला प्लॅस्टरच्या हातानं. आकडा येईल तो लिहायचा. दोन पॉइंट नऊ आला तरी दोन पॉइंट नऊ. लाज वाटायची. शालनची पितळी वाटी कपाटातून काढली, चिंचेनं घासली आणि माझा भात त्याच वाटीनं मोजायला लागलो, सपाट. कुरकुरायला समोर कोणी नव्हतं. या अकरा आठवड्यांत माझे साडेचार किलो उतरले. दवाखान्यातली नर्स म्हणाली, वेल डन. मी म्हणालो, कुत्री आणा.

जेननं आणली. एकतीस किलोची, अजून थोडी बाकी आहे. सध्या महिन्याच्या बोलीवर आहे. जेन दर महिन्याला काटा घेऊन येते, आधी डेझीला चढवते, मग मला. कधीही नेईल. माझी घंटा परत यायची नाही, असं डॉक्टरीण बाईंनी सांगितलंय. वयही वाढतंय. माझ्या हातात फार काही उरलं नाही, बोट टोचणं आणि खरं लिहिणं, एवढंच आहे.

तुम्हाला शुगर असेल आणि घरात तुमचं बोट धरणारं कोणी असेल, तर तो माणूस आहे तोवर स्वतः टोचायला शिका. वहीत खोटं लिहू नका. आणि इन्सुलिन घेतलं असेल तर आधी तुम्ही जेवा, मग देवाचं आणि पितरांचं. मी भटजींना विचारलेलं नाही. डॉक्टरीण बाईंना विचारलंय.

गुरमीतचे, जेनचे, त्या बाईंचे उपकार आहेत. तोंडावर म्हणायला मला जमत नाही, म्हणून इथं लिहिलं.

परवा शालनचं श्राद्ध झालं. तिचं पान वाढून ओट्यावर झाकून ठेवलं आणि आधी मी जेवायला बसलो. पहिला घास उचलला आणि गुडघ्यावर पाय आला. मी डेझीकडे बघितलं. ती ओट्याकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी घास ताटात ठेवला. भरल्या पानावरून उठलो, हात धुतले, बोट टोचलं. तीन पॉइंट चार. वहीत लिहिलं, ग्लुकोजच्या गोळ्या चघळल्या, डेझीला चार दाणे दिले, मोजून. पंधरा मिनिटांनी परत टोचलं, चारच्या वर आल्यावर जेवलो.

मग शालनचं पान बाहेर दगडावर ठेवून आलो. दार लावलं. डेझी आत होती, मीही आत. कोण शिवतंय ते बघायला मी खिडकीत उभा राहिलो नाही.