आक्काच्या पाट्या, दाजींचं मशीन

मार्चच्या उन्हात नरसिंहपूरला जाऊ नये, असं मी कुणालाही सांगेन. तरी गेले. दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, घरी ऑक्सिजनचं मशीन लागतं. संध्याकाळी वीज गेली की ते सोलरच्या बॅटरीवर चालतं. हल्ली मध्येच बंद पडायला लागलं होतं. दाजींच्या फोनवरून आक्का म्हणाली, "तुझं सायन्स झालंय न्हवं, यिऊन बघ तरी."

स्वारगेटहून एसटी, बायकांना अर्धं तिकीट. बारामतीच्या अलीकडे-पलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगते, म्हणून पहाटेची गाडी धरा. मी धरली नव्हती. इंदापूरहून वडापची जीप मिळाली, माणसं भरेपर्यंत थांबलेली. शेजारच्या आजी माझ्या खांद्यावर झोपल्या. झोप मलाही हवी होती.

पोचल्यावर पाणी पिऊन गच्चीवर गेले. सोलरच्या चार पाट्या, आणि त्यांतल्या एकीवर चिमटे लावून अंथरलेली जुनी पांढरी साडी. साडीवर कुरडया. खाली अंगणात धूळ आणि कोंबड्या. इथं काच स्वच्छ, तापलेली, कुरडया लवकर वाळतात, असं आक्काचं म्हणणं. शिवाय तिने विचार करून तीन पाट्या मोकळ्या ठेवल्या होत्या.

मी समजावलं. ऊन पडलं की पाटीतल्या काळ्या चकत्यांत वीज तयार होते, ती बॅटरीत साठते आणि इन्व्हर्टर तिला मशीनला चालेल अशी करून देतो. पण या पाट्या एकामागे एक जोडलेल्या. एकीवरचं ऊन अडलं की बाकीच्या तिघींची वीजही नीट पुढे सरकत नाही, बॅटरी अर्धवट भरते. सगळ्याच जोडण्यांत असं होतं का, मला ठाऊक नाही. तुम्ही बसवणार असाल तर आधी विचारून घ्या.

आक्काने चिमटे काढले, साडी गोळा केली. मग हळूच म्हणाली, "म्हंजी मीच त्यांचा दम अडवीत हुते?"

मी "नाही गं" म्हणाले, पण जरा उशिराच.

खाली दाजी खाटेवर नळी सावरत म्हणाले, "झाला तपास? मग तळा त्या कुरडया. पुरावा ठिवू नगा." आक्का हसली नाही.

दुसऱ्या दिवशी संगमावर गेले. सकाळी लवकर जा, नंतर दगडी पायऱ्यांवर पाय भाजतात. देवळात माझं लक्ष लागलं नाही. संध्याकाळी वीज गेली, मशीन चालत राहिलं.

पुण्यात परतल्यावर अजून तेच घोळतंय. सांगितलं ते खरं होतं, सांगायलाच हवं होतं. पण दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगता आलं असतं का?

काल दुपारी दाजींचा फोन आला. मशीन आता बंद पडत न्हाय, म्हणाले. दम घेतला. "पर ती दिवसभर वर बसती. पान पडलं तरी उठून उचलती. उनानं आजारी पडंल. तू सांग तिला, तुझं ऐकती."

फोन आक्काकडे द्या, मी म्हणाले. ती गच्चीवर होती, आणि दाजींना जिना चढवत नाही.