लक्ष उडालं की एक वाटाणा

देवाशपथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे निमकरचं नाव बदललंय, ते एक. वाटाणे पन्नास होते की साठ, हेही आता नक्की आठवत नाही. आणि एका ठिकाणी थोडं पदरचं घातलंय. तेवढं सोडलं तर शब्द न् शब्द!

किस्से माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे असतात. मुद्दाम कोणी जमवत नाही. ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणत एकेक वर ढकलायचा, आणि एक दिवस शिडी लावून बघावं तर माळ्यावर हात घालायला जागा नाही!

परवा भाची आली आणि डोकं धरून बसली. ठाण्यात आता नाक्यानाक्यावर सायबर कॅफे निघालेत, तिथून आलेली. म्हणाली, “मामा, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एक पान वाचायला बसले. दोन तासांनी बघते तर ते पान सोडून जगातलं सगळं वाचून झालेलं! हे इंटरनेट आल्यापासून लक्षच लागत नाही.”

मी म्हटलं, “अगं, आमचं लक्ष उडायला इंटरनेट लागलं नाही! आम्ही ते स्वतःच्या हिमतीवर उडवायचो.”

आणि मग डबे खाली यायला लागले.

* * *

नव्वदच्या आसपासची गोष्ट. डोंबिवली पूर्वेला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक खोली पडून होती. तिथे सामंतबाईंनी अभ्यासिका काढली. बाई शाळेतून रिटायर झालेल्या, पण छडी फक्त हातातली सुटलेली, नजरेतली नाही. आम्ही तिघं त्यांचे विद्यार्थी, तिघंही बाप्ये, तिघंही नोकरीवाले. मी, बँकेतला निमकर आणि माझ्याच ऑफिसातला दत्ता भोईर.

मला आणि दत्ताला खात्याची परीक्षा द्यायची होती. नियमांचं एक जाडजूड पुस्तक, ते पाठ करायचं. मी नापास झालो असतो तर माझी बढती लांबली असती, एवढंच. दत्ताचं तसं नव्हतं. तो शिपायाचा क्लार्क झालेला, तोसुद्धा तात्पुरता. चार संधी. चौथ्यांदा नापास, की परत शिपाई! त्याच ऑफिसात, त्याच लोकांना पाणी नेऊन द्यायचं. अभ्यासिकेत आला तेव्हा त्याच्या दोन संधी गेलेल्या होत्या.

बाईंनी पहिल्या दिवशी प्रत्येकापुढे दोन वाट्या ठेवल्या. डावीकडच्या वाटीत पन्नास कोरडे वाटाणे, उजवीकडची रिकामी. “वाचताना लक्ष उडालं की एक वाटाणा डावीकडून उजवीकडे टाकायचा. प्रामाणिकपणे. तासाभराने मोजू.”

माझे तासात एकेचाळीस झाले. मी लाजलो. निमकरचे अठरा. तो खोटारडा.

बाराव्या मिनिटाला दत्ताने हात वर केला. “बाई, माझे वाटाणे संपले. आता लक्ष उडालं तर काय करू?”

बाई पुस्तकातून मान वर न करता म्हणाल्या, “शेजाऱ्याचे घ्या.”

* * *

वाटाण्यांची एक भानगड झाली. वाट्या स्टीलच्या. वाटाणा पडला की ‘टण्ण!’ त्या आवाजाने बाकीचे दोघं दचकायचे. म्हणजे त्यांचंही लक्ष उडालं! मग त्यांचाही एकेक वाटाणा. ‘टण्ण, टण्ण!’ तो ऐकून पहिल्याचं पुन्हा उडायचं!

एकदा दत्ताला शिंक आली आणि पुढची सात मिनिटं नुसता वाटाण्यांचा पाऊस. पुस्तक कोणी बघितलंच नाही. शेवटी तिघांच्याही डाव्या वाट्या रिकाम्या झाल्या आणि खोलीत शांतता पसरली.

बाईंनी दुसऱ्या दिवशी वाटाणे काढून फुटाणे आणले. आवाज बंद!

तास संपला. दत्तापुढच्या दोन्ही वाट्या चकचकीत रिकाम्या.

“भोईर, हे काय?”

दत्ता बोटं पुसत म्हणाला, “बाई, उडालेलं पण नाय न् राहिलेलं पण नाय!”

पुन्हा वाटाणे आले. वाट्यांच्या तळाशी फडक्याचे तुकडे घातले.

* * *

निमकरला आठ वर्षं थांबून घरी फोन मिळाला. तो दिवस त्याच्या अभ्यासाचा शेवटचा.

दर वीस मिनिटांनी हा उठायचा. “आलोच.”

“कुठे?”

“डायल टोन आहे का बघून येतो.”

जिना चढून तिसऱ्या मजल्यावर जायचा, रिसीव्हर उचलून कानाला लावायचा, पुन्हा खाली. “आहे!” मग आम्हीही हुश्श करायचो. का, कोण जाणे. फोन त्याचा, पण टोन जाईल ही धास्ती तिघांनाही लागलेली!

एकदा गेला तो पाऊण तास आलाच नाही. बाई घड्याळ बघतायत. आम्ही म्हटलं, काही वाईट बातमी तर नाही ना? तेवढ्यात निमकर धापा टाकत आला, चेहरा फुललेला.

“वाजला! वाजला!”

“कोणाचा होता?”

“राँग नंबर होता हो. पण माणूस फार चांगला. कल्याणचा!”

* * *

मग केबल आली. ह्या बिल्डिंगवरून त्या बिल्डिंगवर काळ्या वायरी, आणि एक वायर नेमकी आमच्या खिडकीवरून गेलेली. मॅच असली की चारही मजल्यांवरून एकदम आरडाओरडा. मान खाली, डोळे पुस्तकात, पण कान गच्चीवर!

एका रविवारी साडेअकराला सगळी बिल्डिंग एकदम गप्प. वायर कापलेली! सेक्रेटरी सगळ्या मजल्यांना घेऊन खाली आला. खालच्या पोरांना झापून झालं, केबलवाल्याच्या दुश्मनांची यादी झाली. बाई दारात उभ्या. “अरेरे,” म्हणाल्या. “हल्ली लोकांना काही धरबंधच राहिला नाही.”

मी आत बघितलं. वाटाण्यांच्या बरणीमागे पक्कड! अगदी शाळेच्या प्रयोगशाळेतली असावी तशी.

मी गप्प बसलो. दत्ताही गप्प. त्या दिवशी खरंच अभ्यास झाला.

संध्याकाळी मी पुस्तक विसरलो म्हणून परत खाली आलो, तर बाई जिन्यात केबलवाल्याला हळू आवाजात विचारत होत्या, “आठच्या आधी जोडशील ना रे? माझी सिरीयल असते.”

मग आत गेल्या आणि स्वतःच्या वाटीतला एक वाटाणा उचलून उजवीकडे टाकला. त्यांचीही वाटी होती, हे मला तेव्हा कळलं.

* * *

दत्ता तिसऱ्यांदा नापास झाला. मीही झालो, पण माझं कोणी विचारत नव्हतं.

बाईंनी त्याला समोर बसवलं. “भोईर, चौतिसावा नियम सांगा.”

दत्ताने डोळे मिटले. “बाई, चौतिसावा वाचत होतो तेव्हा वरच्या मजल्यावर कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. त्यांच्याकडे रोज पाच होतात. पाचवी झालीच नाय. मी वाट बघत होतो.”

“आणि नियम?”

“तो पण वाट बघत असेल, बाई.”

निमकर खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “एवढी कसली वाट बघता तुम्ही सारखी?”

दत्ता मूळचा इथलाच, स्टेशन व्हायच्या आधीपासूनच्या गावातला. एरवी ऑफिसात आमच्यासारखं बोलायचा, पण आतलं काही सांगायचं झालं की घरची बोली यायची. म्हणाला, “बाई, सायबाच्या दाराबायेर माझं जुनं इस्टूल हाय. नवीन शिपाई भरलाच नाय अजून. रोज सकाळी त्याच्यावरून जातो. ते इस्टूल मना बगतं.”

निमकर उठला आणि डायल टोन बघायला गेला.

त्या दिवसापासून बाईंनी दत्तापुरत्या वाट्या बंद केल्या. म्हणाल्या, “मोजून मोजून माणूस फक्त मोजायला शिकतो. तुम्ही नुसतं वाचा. कसंही वाचा.” आम्हाला वाटलं, बाईंनी हात टेकले.

* * *

आता शेवटचा किस्सा. हा मी लग्नाकार्यात सांगतो, आणि जेवण थांबवून लोक ऐकतात.

दत्ताची चौथी परीक्षा. सेंटर ठाण्यात, नौपाड्याच्या बाजूची एक शाळा. अकराला पेपर. साडेअकरानंतर आत घेत नाहीत, हे हॉल तिकिटावर ठळक छापलेलं. पहिल्या मजल्यावर माझा बाक, मागे दत्ताचा. दत्ता दहालाच पोचलेला, हे मी येताना बघितलं होतं. मैदानात चिंचेखाली कट्टा होता, तिथे पुस्तक उघडून बसलेला. मी हाक मारली नाही. म्हटलं, वाचतोय तर वाचू दे.

घंटा झाली. पेपर वाटले. मागचा बाक रिकामा!

खिडकीतून बघतो तर दत्ता कट्ट्यावर. मान खाली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. रस्त्यावरून लग्नाची वरात गेली, ब्रास बँडसकट! पोरं नाचतायत, सनई म्हणू नका, ढोल म्हणू नका. ज्या माणसाला कुकरची न झालेली शिट्टी ऐकू यायची, तो मान वर करेना! फक्त पान उलटायला हात हलायचा.

बाई ज्याची वर्षानुवर्षं वाट बघत होत्या, ते दत्ताचं लक्ष लागलं होतं. आजच. आत्ताच!

वीस मिनिटं. पंचवीस. मग मात्र मी उठून उभा राहिलो.

“बसा!” सुपरवायझर मॅडम कडाडल्या.

“मॅडम, तो खाली बसलाय तो माणूस...”

“तुमचं लक्ष तुमच्या पेपरात ठेवा!”

“मॅडम, त्याचा हा शेवटचा चान्स आहे! चौथा!”

मॅडमनी खिडकीतून बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि व्हरांड्यातल्या शिपायाला पिटाळलं. शिपाई धावत खाली. हाका मारल्या, खांदा हलवला, काही नाही. शेवटी त्याने हातातलं पुस्तकच ओढून घेतलं. दत्ता वर न बघता म्हणाला, “थांब रे, एकच पान राहिलंय!”

अठ्ठाविसाव्या मिनिटाला दत्ता दारात. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि पेपर त्याच्यापुढे ठेवला. दत्ताने लिहिला. आणि दत्ता पास झाला!

इथे लोक टाळ्या वाजवतात. मग मी पुढचं सांगतो, ते दत्तानेच मला सांगितलेलं.

तो जे वाचत होता ते नियमांचं पुस्तक नव्हतंच. त्याच्या मुलीने घरातल्या सगळ्या पुस्तकांना एकसारखी खाकी कव्हरं घातली होती. सकाळच्या घाईत दत्ताने उचललं ते तिचं तिसरीचं मराठीचं पुस्तक! कट्ट्यावर उघडलं तेव्हा कळलं, पण परत जायला वेळ नव्हता. म्हणून नुसतं चाळायला घेतलं. त्यात एका मुंगीचा धडा होता. पुरात वाहून गेलेल्या मुंगीचा.

“मग?” मी विचारलं होतं.

“मग काय! ती घरी पोचते का नाय, ते बगत होतो.”

* * *

सुरुवातीला म्हटलं होतं की एका ठिकाणी पदरचं घातलंय. ते आता सांगून टाकतो. वाटाणे खरे, पक्कड खरी, वरात खरी, मुंगी खरी.

मी उठून उभा राहिलो, ते खोटं.

वीस मिनिटांपर्यंत मी खिडकीतून बघत होतो. मग मी मान खाली घातली आणि पेपर लिहिला. हा पेपर गेला असता तरी मला अजून दोन संधी होत्या. तरीही लिहिला. अडीच तासांत माझं लक्ष एकदाही उडालं नाही. दत्ता पावणेबाराला जिना चढून वर आला, तेव्हा दार बंद झालेलं होतं. मी पास झालो. पुढच्या महिन्यात दत्ता पुन्हा शिपाई झाला.

मुंगीचा किस्सा दत्ता स्वतःही सांगतो. ऑफिसात चहा देता देता सांगतो, आणि माझ्यापेक्षा चांगला सांगतो, हसवून हसवून रडवतो. फक्त माझा बाक खिडकीपाशी होता, हे त्याला अजून माहीत नाही.