दारातल्या चपला

मंडळी, गेल्या आठवड्यात याच ग्रुपवर मी एका चित्रकादंबरीला धुतलं होतं. "वीस पानं एक शब्द नाही, नुसती बाई घरात फिरते. निव्वळ आळशीपणा!" तुम्ही हसलात, मीही खूश झालो.

आज एरंडोलला आक्काकडे गेलो होतो. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. शाळेची पायरी कधी चढली नाही. माझा चहा होईपर्यंत तिने माझ्या पिशवीतून तेच पुस्तक काढलं आणि चित्रांवर बोट फिरवत बसली. मध्येच थांबली.

"इना नवरा गया वाटस. दारमा त्यान्या चपला नहीत."

मी मागची पानं पाहिली. आधी दारात चपलांचे दोन जोड होते, नंतर एकच. मी नुसते संवादांचे फुगे वाचतो हो. फुगा नसला की पान उलटतो.

आक्काने शेवटपर्यंत पाहिलं, डोळे पुसले. "अजून शे का असं?"

होती अशी तीन. शब्द नाहीत म्हणून मीच रद्दीत घातली.

ती पोस्ट डिलीट करतोय. तुमच्याकडे असं बिनशब्दांचं काही आहे का? आक्कासाठी हवंय. इतक्या वर्षांत मी तिच्या हातात एकही पुस्तक दिलं नाही. आजचंसुद्धा तिनेच काढून घेतलं.