आंधळगाववाली

सकाळी उठलो का पहिले मी न्हाणीमागची नाली पाहतो. पाणी लाल दिसते का, एवढंच.

माह्या बायकोले, आमच्या बुडीले, गर्भपिशवीचा कॅन्सर झाला होता. धानाचा एक पुरा रोवणा तिनं अंगावर काढला, कपडे लपवून धुतले. मले सांगितलं तवा लय उशीर झाला होता. डाक्टर म्हणे, इतके दिवस कुठं होते? कुठं राहीन, घरीच होतो, बाजूच्या खाटेवर. बुडीले जाऊन तीन वर्षं झाली. ती खाट अजून म्या उचलली नाही. मी चवथी शिकलेला माणूस, बाकी काही समजो ना समजो, नालीतलं पाणी आता समजते.

या हिवाळ्यात ते पाणी लाल दिसलं.

घरात बाया दोनच. एक माही पोरगी, चाळिशीले आली. दुसरी तिच्यासोबत राहते ती. बारा वर्षांआधी बचत गटाच्या बायांले शिलाई शिकवाले आंधळगाववरून आमच्या एकोडीले आली, आन् राहूनच गेली. दोघींची एकच खोली. कोणी विचारलं तं मी सांगत होतो, मैतरीण आहे. बुडी मात्र तिले कधी नावानं बोलवे ना. पहिल्या वर्षापासून 'आंधळगाववाली' म्हणे. आमच्याकडे माहेरच्या गावावरून हाक मारतात ती सुनेले. बुडीले तवाच समजलं होतं. मले समजाले तिचं मरण लागलं.

पोरीले विचारलं तं म्हणे, काही नाही बाबा, उष्णता आहे. तिची मायही हेच म्हणे. मंग आंधळगाववालीनं सारं सांगितलं. चार महिन्यांपासून पाळीच्या मधातही रक्त जाऊन राहिलं होतं. दोघी तालुक्याच्या गावी एका डाक्टरणीकडे जाऊनही आल्या होत्या. तिनं विचारलं, लग्न झालं का? पोरगी म्हणे, नाही. तं डाक्टरणीनं पेनच ठेवला. लग्न न झालेल्या बाईले आतून तपासत नाही म्हणे, लग्न कर, सारं जागेवर येईल. पोरीनं हिंमत करून सांगितलं का मी एका बाईसोबत राहते. डाक्टरीण म्हणे, मंग तुले काय होणार आहे? रक्त वाढाच्या गोळ्या दिल्या. दारातल्या नर्स पोरी तोंड दाबून हसल्या.

तवापासून माही पोरगी अडून बसली. मेली तरी चालल, पण त्या टेबलासमोर बसणार नाही म्हणे.

दोन दिवस म्या ताटाले हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पोरगी ताट घेऊन आली, तवा बोललो.

"तुही माय लपवूनच मेली. तुलेही तसंच जाचं असन तं पहिले मले जाळून जा."

बुधवारी तिघंही भंडाऱ्याच्या बसमध्ये बसलो. कारध्याचा पूल आला. बुडीले याच रस्त्यानं नेलं होतं.

दवाखान्यात नर्सनं आंधळगाववालीले दारातच अडवलं. नात्यातलं एकच माणूस आत, म्हणे. मंग मीच गेलो. डाक्टरीण जवान होती. कागदावरून मान वर न करता तिनं विचारलं, "लग्न झालं का?"

पोरगी खाली पाहून राहिली. आता ही 'नाही' म्हणन, गोळ्या भेटतीन, आन् आम्ही घरी जाऊ. मले ती खाट दिसाले लागली.

"झालं," म्या म्हणलं.

पोरगी माह्या तोंडाकडे पाहतच राहिली. डाक्टरणीनं लिहून घेतलं आन् म्हणे, नवऱ्याला बोलवा, सही लागेल. आली का पंचाईत. मी दारात गेलो.

"आंधळगाववाली, आत ये वं."

बारा वर्षांत माह्या तोंडून ती हाक पहिल्यांदा निघाली. ती उठली, पण पाय टाके ना. दारातली नर्स आमच्याच भागाची, तिले बरोबर समजलं.

"सून होय काय, बुवा? मंग पोरगा कुठं आहे?"

"पोरगा नाही मले. एकच पोरगी आहे. ही तिचीच."

डाक्टरणीनं लिहिलेलं खोडलं, काही वेळ पेन तसाच धरून बसली. मले भीती वाटली का हीपण ठेवते आता. मंग म्हणे, आजोबा, तुम्ही बाहेर बसा. आंधळगाववालीले म्हणे, तुम्ही थांबा.

बाहेर नर्स दुसऱ्या दोघींले घेऊन आली. तिघी माह्याकडे पाहून कुजबुजत होत्या. म्या म्हणलं, जवळ येऊन पाहा ना बाई, तिकीट नाही लागत. गेल्या.

डाक्टरीण लय चांगली होती असं नाही. निघताना तिनं पोरीले विचारलंच, हे असं कधीपासून आहे? जसा तोही एक रोग. पण आतून तपासलं. पिशवीच्या तोंडाचा तुकडा काढून नागपूरले पाठवला. रिपोर्ट आठ दिवसांनी येणार आहे.

आज सहावा दिवस. सकाळी मी नालीपाशी उभा होतो. आंधळगाववाली भांडे घासून राहिली होती. तिनं हात थांबवला.

"बाबा, तिथं पाहू नका. काही असन तं मी सांगन तुमाले."

बुडीनं वेळेवर सांगितलं नव्हतं. मी बाजूले झालो, घरात गेलो, चहा पेलो.

दुपारी पुन्हा नाली पाहून आलो.