तिच्याविरुद्धचे पत्ते

बोईसरजवळ सरावलीच्या त्या खोलीत आम्ही दोघी तीन वर्षं राहिलो. दोघीही एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कंपनीत, एकाच लॅबमध्ये. मी जळगावकडची, ती कोल्हापूरकडची. नोकरी सोडली तर आमच्यात सारखं असं काही नव्हतं. कॉलेजच्या हॉस्टेलवर मी पत्त्यांचा एक खेळ शिकले होते. घरोघरी असतो तो बावन्न पत्त्यांचा कॅट नव्हे. हे चित्रांचे पत्ते, विकत घेऊन जमवायचे, प्रत्येकावर त्याची ताकद आणि त्याचा नियम छापलेला. त्यांतून आपापला गठ्ठा, म्हणजे डेक, बांधायचा आणि समोरच्याशी भिडायचं. एका सुट्टीला दिवसभर वीज नव्हती, म्हणून मी तो तिला शिकवला. संध्याकाळपर्यंत ती मला हरवायला लागली होती.

तिने डेक बांधला तो मेलेल्यांचा. म्हणजे तिचे पत्ते मरून बाजूच्या ढिगात जायचे आणि दोन चालींनी तिथून परत यायचे. परत आणताना ती त्यांच्याशी बोलायची, राणीच्या पत्त्याशी तर नेहमीच. "ये बाई, दमलीस ना, ये." मला हसू यायचं आणि मी हरायचे.

या खेळात डेकशिवाय दहा पत्ते वेगळे ठेवता येतात. पहिला डाव झाला की समोरचा काय खेळतो ते कळतं, मग दुसऱ्या डावाला या दहांतले हवे ते आत घ्यायचे. काउंटर म्हणतात त्यांना. कुणाची आग विझवणारा, कुणाचा वेग मोडणारा, असे. मी आधी एक पत्ता घेतला, तिचा मेलेल्यांचा ढीग खेळातूनच उठवून टाकणारा. तिने त्यावर उतारा शोधला. मी उताऱ्यावर उतारा आणला. असं करत करत माझ्या दहांतले आठ पत्ते एकट्या तिच्यासाठी झाले. दुसरं कुणी खेळायला नव्हतंच, त्यामुळे त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

मग तिचं लग्न ठरलं आणि ती अंकलेश्वरला गेली. नवराही केमिकलमधलाच. जाताना तिने गादी, कुकर आणि इस्त्री मला देऊन टाकली. पत्ते मात्र सोबत नेले. "रविवारी व्हिडिओ लावून खेळू," म्हणाली. दोन रविवार खेळलोही. तिसऱ्या रविवारी तिच्याकडे पाहुणे होते.

पुढे पालघरला एका क्लासच्या हॉलमध्ये स्पर्धा असल्याचं मला मोबाइलवर दिसलं. मी नाव नोंदवलं, शिफ्ट बदलून घेतली आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी सुट्टी होती तेव्हा दुपारी पत्ते घेऊन बसले. हल्ली लोक काय खेळतात ते आधी वाचून काढलं. सगळीकडे छोट्या सैनिकांचे झपाट्याचे डेक होते. मेलेल्यांचा डेक कुणीच खेळत नव्हतं. म्हणजे माझे आठ पत्ते बिनकामाचे. ते काढून सैनिकांना अडवणारे घालायचे, इतकं सरळ होतं. पण मी ते काढायचे, समोर मांडायचे, आणि पुन्हा आत ठेवायचे.

नवे पत्ते चालतात का ते बघायला दोन्ही बाजूंनी मीच खेळत होते. घरमालकीण मावशी गच्चीवर बोंबील वाळत घालायला निघाल्या होत्या. त्या पालघरजवळच्या माहीमच्या, नवऱ्याच्या माघारी मुलाकडे इकडे राहायला आलेल्या. दारात थांबून बराच वेळ बघत राहिल्या.

"काय गो बाय, एकटीच खेलते?"

"हो मावशी."

"समोर कोन नाय, मंग हारतं कोन?"

"मीच."

"आनि जिंकतं कोन?"

"तेही मीच."

"मंग बरा हाय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "ती तुजी मैतरीन येनार हाय का कवा?"

"सध्या नाही," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि टोपली उचलून वर गेल्या.

मी तिला फोन लावला. मागे मिक्सर चालू होता. मी स्पर्धेचं सांगितलं आणि विचारलं, ते आठ पत्ते काढू की ठेवू?

"काढ की! आता कोण खेळतंय तो डेक?" ती हसून म्हणाली. "मी पण नाही. माझे पत्ते माळ्यावर गेलेत, दिवाळीत साफसफाई झाली ना, तेव्हा."

"बरं," मी म्हटलं. मग तिने लॅबमधल्या कुणाकुणाची चौकशी केली. फोन ठेवल्यावर मी ते आठही काढले आणि रबर लावून कपाटात ठेवून दिले.

हॉलमध्ये मी सोडून एकच बाई होती आणि ती मुलाला सोडायला आली होती. पहिली फेरी सैनिकांशी होती. नवे पत्ते नेमके उपयोगी पडले आणि मी जिंकले. दुसरी हरले. तिसऱ्या फेरीला समोर डहाणूचे एक गृहस्थ आले. चाळिशीचे, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी पहिला पत्ता ठेवला आणि मला कळलं. मेलेल्यांचा डेक.

त्यांची पुढची प्रत्येक चाल मला माहीत होती. कुठला पत्ता मुद्दाम मारून घेतील, कुठला उठवतील, सगळं. नुसतं बघण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. ते भराभर आणि न बोलता खेळत होते. त्यांनी तो राणीचा पत्ता ढिगातून उचलून पुन्हा मांडला तेव्हा त्यांनी काहीतरी म्हणावं असं मला फार वाटलं. त्यांनी पत्ता नीट सरळ केला आणि हात मागे घेतला. मला माझी पाळी आल्याचंही कळलं नाही.

"तुमची चाल, मॅडम."

"हो, सॉरी."

दोन्ही डाव हरले. पत्ते गोळा करताना ते म्हणाले, "तुम्हाला हा डेक चांगला ठाऊक आहे. काउंटर नाही ठेवलेत?"

"होते. कालच काढले."

"अरेरे," ते मनापासून म्हणाले. "घरी कोणी खेळतं का तुमच्या?"

"खेळायची. आता गावात नाही."

"माझंही तसंच. मी फोनवर खेळतो, कंप्युटरशी." मग त्यांना पुढच्या टेबलावर बोलावलं आणि ते गेले.

पाचांतल्या दोन फेऱ्या जिंकून मी बाहेर पडले. स्टेशनजवळ पुरीभाजी खाल्ली आणि बोईसरला परतले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिचा मेसेज आला. "जिंकलीस का?" मी त्या डहाणूच्या गृहस्थांबद्दल, राणीच्या पत्त्याबद्दल बरंच लिहिलं. वाचून पाहिलं, पुसलं. "दोन जिंकले," एवढंच पाठवलं.

"भारी! माझे पत्ते तुला पाठवू का? इथे नुसते पडलेत."

"नको," मी लिहिलं. "तुझ्याकडेच राहू देत. येशील तेव्हा खेळू."

"हो हो, नक्की," तिने लिहिलं.