बरणीतलं शेत

आमच्या जबलपूरकडे हवेली म्हणजे वाडा नव्हे. शेताला चारी बाजूंनी उंच बांध घालायचे, पावसाळाभर त्यात पाणी तुंबू द्यायचं, पाऊस सरला की ते सोडून द्यायचं आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा, या पद्धतीला इथे हवेली म्हणतात. साचलेल्या पाण्यातला गाळ दरवर्षी तळाशी बसतो. पिढ्यान्‌पिढ्या असं चाललं की वर काळ्या मातीची साय धरते. विद्यापीठात मातीच्या सुपीकतेचे नकाशे करण्यात माझी नोकरी सरत आली, पण हवेलीची माती हातात आली की मी अजूनही काम विसरून ती चोळत बसते. आई म्हणते, "एवढी शिकली अन्‌ मातीतच खेळून राहिली."

शहपुऱ्याकडच्या एका गावाचा नकाशा मी नोकरीच्या सुरुवातीच्या काळात केला होता. मध्यंतरी त्याच शेतांमधून पुन्हा नमुने घ्यायचं ठरलं. त्याची रीत ठरलेली आहे. शेतात ठिकठिकाणी वीतभर खोल खणून माती काढायची, सगळी घमेल्यात कालवायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन फेकायचे, उरेल त्याचं पुन्हा तेच, शेवटी अर्धा किलो राहीपर्यंत. तपासून उरलेली माती आम्ही बरणीत भरून कोठीत ठेवतो. सहसा तिला पुन्हा कोणी विचारत नाही.

एका शेताचा निकाल आला आणि मी प्रयोगशाळेत सगळ्यांना फैलावर घेतलं. पहिल्या खेपेला हे शेत साऱ्या गावात सरस ठरलं होतं, आणि आता त्याच्या मातीत जीव म्हणून उरला नव्हता. माती खंगते, पण अशी नाही. पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असणार, असं मी धरूनच चालले. आम्हा लोकांचं हे असंच असतं. आकडा पटला नाही की पिशवी बदलली असं वाटतं, शेत बदललं असेल हे डोक्यातच येत नाही. पुन्हा तपासायला लावलं तरी निकाल तोच. शेवटी चरफडत स्वतःच निघाले.

शेताच्या जागी कोरडा हौद होता. शेजारच्या शेतांपेक्षा कमरेइतका खोल. बांध नाहीसे झालेले, ट्रकच्या चाकोऱ्या वाळून दगड झालेल्या. पलीकडे वीटभट्टी धुमसत होती. हवेलीच्या चिकण गाळाची वीट पक्की होते, हे मी वर्गात शिकवतसुद्धा होते. आमच्या माणसांनी हे शेत पूर्वी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी नियमाप्रमाणे वरची वीतभर माती आणली होती, आणि ती वरची माती म्हणजे आता जुन्या शेताचा तळ होता.

त्या खड्ड्यात एक बाई ढेकळं फोडत होती. शेत तिचंच. नवरा वारल्यावर ती काही महिने लेकीकडे राहिली, तेवढ्यात दिराने माती भट्टीवाल्याला विकली. परत येऊन तिने गहू पेरला, तो वीतभर वर आला आणि पिवळा पडून बसला.

मी मातीची डॉक्टर आहे असं कळल्यावर तिने पदराला हात पुसले. म्हणाली, "देवर कहत हैं, दो बरसात में नई मिट्टी आ जैहै. सच्ची बात है का, दीदी? आ जैहै तो रुक जाएँ, नहीं तो बिटिया के घर चले जाएँ."

तिचा दीर समोर असता तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती. शेणखत, हिरवळीचं खत, पुन्हा बांध घालणं, सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. खोटं त्यात काहीच नव्हतं. पण ती विचारत होती ते स्वतःच्या हयातीचं.

"नहीं आएगी," मी म्हटलं. "आपके रहते तो नहीं."

ती पुन्हा ढेकळं फोडायला लागली. ते मला बघवेना, म्हणून बोलून गेले की जुनी मिट्टी हमारे यहाँ रखी है, ज़रा सी.

घरी आल्यावर मी ताटावर बसलेच नाही. आई म्हणाली, "मातीसाठी काहून उपाशी राहून राहिली? चलो, दोन घास खा." मी म्हटलं, कोणाचं तरी शेत गेलं गं. "मग सुतक धरशील का?" असं म्हणून तिने ताट समोर सरकवलं. आमच्या घरात कोणी मेलं तरी असंच बोलतात.

नवऱ्याच्या वर्षश्राद्धासाठी ती बाई नर्मदेवर, ग्वारीघाटावर आली, तिथून रिक्षा करून थेट आमच्या प्रयोगशाळेत. कोठीतून पहिल्या खेपेची बरणी काढून मी तिच्या पुढ्यात ठेवली. तिने झाकण उघडलं, चिमूटभर माती बोटांत चोळली, नाकाशी नेली आणि तशीच उभी राहिली.

"उनई के हाथ की है," ती म्हणाली. "हर साल मेड़ बाँधत हते." शेताचे बांध दरवर्षी तिचा नवराच घालायचा.

नियमात बसत नव्हतं, पण नियम गेला खड्ड्यात. ले जाइए, मी म्हटलं, आप की ही है.

तिने ती चिमूट परत बरणीत टाकली, बोटांना चिकटलेले कणही झटकले आणि झाकण घट्ट बसवलं. उद्याच लेकीकडे जायला निघणार होती. बरणी दोन्ही हातांनी माझ्याकडे सारत म्हणाली, "यहीं रहन दो, दीदी. घर ले गए तो जा मिट्टी भी बिक जैहै."