दाजी फिरायला का गेले नाहीत

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ताईला तर नाहीच. तुम्हालाही सांगवत नाही — तरी लिहितो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सुरतेत लिंबायतला राहायचे, लूमच्या कारखान्यात कारागीर. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. दाजींनी मला खानदेशातून आणलं, एका खोलीच्या घरात जागा दिली, डबल पाळ्या करून बी.एस्सी. होऊ दिलं. सुरतेजवळच्या सचिन गावात, कापड रंगवणाऱ्या डाइंग कंपनीच्या लॅबमध्ये लागलो, तेव्हा गल्लीत पेढे वाटले ते दाजींनी. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं किती वाईट ते कळेल.

शहाण्णव-सत्त्याण्णवचा सुमार. दाजींचं वजन वाढलेलं, जिना चढताना दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी भरभर चाला, झेपेल तसं थोडं धावा — पण एकटे जाऊ नका. सोबत कोण जाणार? मीच.

आता — कसं सांगू? ज्या रस्त्यानं चालायचं, त्याच रस्त्यावर माझ्या कंपनीची बस यायची. लॅबमधली माणसं तिथं उभी असायची. बनियन घालून धापा टाकत येणारे दाजी, आणि शेजारी मी. एकदाच गेलो. कोणी हसलं का? नाही. तरी मी त्यांच्या पुढे पुढे चालत राहिलो, ओळख नसल्यासारखा.

दाजींनाही संकोच होताच. "मी पयनू ते गल्ली हासी," ते म्हणाले. धावलो तर गल्ली हसेल. "तू शिकेल शेस, दुसरं काही सांग ना भो." शिकलेला म्हणून मलाच विचारलं.

आणि मी सांगितलं. मंदिरामागे पत्र्याच्या शेडमध्ये पोरांची व्यायामशाळा होती. लूमच्या भंगारातली दातेरी चाकं सळईला वेल्ड करून केलेली वजनं. मी म्हणालो, हलकं वजन घ्या, खूप वेळा उचला, मधे थांबू नका. हृदयाला चालण्याइतकाच व्यायाम होतो, चरबीही जळते. चालायची गरजच नाही. मला त्यातलं काय कळत होतं? कापडावर रंग कसा बसतो, तेवढं कळत होतं.

पोट उतरलं, हे खरं. दंड भरले. शेजारी म्हणायचे, "दाजी, दुसऱ्या लग्नाचा विचार आहे काय?" दाजी माझ्याकडे बोट दाखवायचे — यानं केलं. मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

पण एका संध्याकाळी मी शेडमध्ये होतो. दाजी श्वास रोखून वजन उचलत होते. चेहरा काळवंडला, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. वजन ठेवून खाली बसले. म्हणाले, "जीव घाबरस रे." त्यांचे ओठ निळे पडले होते. मला कळलं होतं — तुम्हाला म्हणून सांगतो, त्या क्षणी मला कळलं होतं. आणि मी काय म्हणालो? "सुरुवातीला होतं तसं." कारण थांबा म्हटलं असतं, तर पुन्हा सकाळी त्या रस्त्यानं जावं लागलं असतं.

काही आठवड्यांनी कापडाचे तागे खांद्यावर घेऊन जिना चढताना दाजी कोसळले.

चालले असते तर टळलं असतं का? मला माहीत नाही. नुसती वजनं उचलून चालण्याची उणीव भरून निघते का, हा वाद आजही माझ्यासमोर निघाला की मी उठून जातो. पण मला सांगायचंय ते हे नाही. ते याहून वाईट आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, रोज चालत होते का? ताईनं माझ्याकडे पाहिलं. घरात शिकलेला मीच. दाजी खाटेवर, नाकात नळी, डोळे मिटलेले. ताईला कळलं तर? तिनं कपाळ बडवून विचारलं तर — माझ्या नवऱ्याला काय सांगितलंस तू? आणि मी म्हणालो, "मी रोज चला म्हणायचो, डॉक्टर. यांनी ऐकलं नाही."

दाजींनी डोळे उघडले. जागेच होते. मी खाटेची लोखंडी कड घट्ट धरली. आता बोलतील —

"हो," ते हळूच म्हणाले. "त्यानी सांगेल व्हतं. मीच आळशी."

दाजी वाचले, पण पुन्हा लूमवर उभे राहू शकले नाहीत. अजून आहेत. खाटेपासून दारापर्यंत चालले तरी भिंतीला हात लावून थांबतात. तेव्हा ताई दर वेळी म्हणते, "शिकेल माणूसनं आयकं नही ना तुम्ही." इतकी वर्षं ती हेच म्हणते आहे, आणि ते मान खाली घालून ऐकून घेतात. मी कितीदा तिथेच बसलेलो असतो. दाजी माझ्याकडे बघत नाहीत. मीही गप्प राहतो.

मागच्या रविवारीही गप्प राहिलो.